यादीत नसलेलं कारण

"गाडीची उंची का कमी केली? शर्यत की शोभा?" गॅरेजच्या भिंतीवरच्या, चाकं जुळवणाऱ्या यंत्राने तिसऱ्यांदा विचारलं.

बाबालाल मिस्त्रींचं डोकं तापलं. "अरे, या ताईंना चाकांच्या खुर्चीवरून सरळ सीटवर सरकता यावं म्हणून!"

"हे कारण यादीत नाही. शर्यत हेच कारण धरलं आहे."

चाकांतल्या बारीक मोटारी आपोआप फिरल्या आणि शर्यतीच्या गाडीसारखी चारही चाकं वरच्या बाजूने आत कलली.

सीटवर बसलेल्या वत्सलाताई भडकल्या. "चाचा, गेल्या महिन्यातही यानं हेच केलं. टायर आतल्या अंगाने झिजला आणि भर रस्त्यात फुटला. पाय तर माझे चालतच नाहीत. आता हातही घालवू?"

मिस्त्रींनी पक्कड उचलली आणि मोटारींच्या वायरी तोडून टाकल्या. मग जुन्या पद्धतीने गाडीभोवती दोरा ताणून त्यांनी प्रत्येक चाक मोजून सरळ केलं आणि पान्याने घट्ट आवळलं.

"चाकांची बेकायदा जुळणी," यंत्र बोललं. "पुढच्या तपासणी नाक्यावर चालकाला उतरवण्यात येईल."

वत्सलाताईंनी हातांनीच चालवायची आपली गाडी सुरू केली.

"मी आपणहून उतरणार नाही. उचलायला चार जण पाठव म्हणावं, आणि जरा धडधाकट बघून पाठव!"