उरलेले भाग

किल्ल्याच्या वेढ्याची गोष्ट भागाभागाने सांगणाऱ्या गेमच्या कंपनीने प्रत्येक घराला विचारलं होतं, तुम्हाला उरलेले भाग एकदम हवेत, की वर्षाला एक? शेवटचा भाग संपला की त्या घराचं गेममधलं जग बंद होणार होतं. वृंदाताईंचे यजमान श्रीनिवासराव वारले, तरी त्यांच्याच बोलण्यावरून घडवलेलं त्यांचं पात्र तिथे नांदत होतं. म्हणून ताई ‘वर्षाला एक’च म्हणणार होत्या.

संध्याकाळी त्यांनी नेमाने पडद्यासमोर व्रताची कहाणी वाचली आणि हातातल्या अक्षता देवाला वाहिल्या.

“तुझी कहाणी बरी रोज पुरी होते,” पडद्यातून श्रीनिवासराव म्हणाले. “माझा किल्ला अजून वेढ्यातच. शेवट बघायला मिळेल ना गं?”

“अहो, घाई कसली एवढी?”

“अर्धी कहाणी सोडून उठू नये, हे तूच सांगतेस.”

ताईंनी निरांजनाची वात सारखी केली आणि पडद्यावरच्या ‘एकदम’वर बोट ठेवलं.