ताम्हणातला दगड

रत्नप्रभाबाईंनी तुपाची पळी दगडावर सोडली आणि दारातून विद्याधर किंचाळला, "आई! हे काय केलंस?"

पळी हातातच राहिली. श्रावणी सोमवार होता; स्नानापासून आरतीपर्यंत त्यांचं मौन असे. सकाळी मुलाच्या टेबलावर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला हा दगड दिसला. वीतभर उंच, डोक्याशी गोल, अंगानं नितळ. हिमालयाकडे निघालेल्या विद्याधरला त्या म्हणाल्या होत्या, 'येताना पूजेला शंकराचा एखादा बाण आण हो.' पोरानं लक्षात ठेवलं! विचारायला तोंड उघडता येत नव्हतं. डोळे भरून आले, आणि त्यांनी तो दगड ताम्हणात बसवला. दूध, दही, मध, साखर, तूप.

"अगं, बाण नाही तो! तेलासाठी विहीर खणतोय ना आम्ही, तिच्या तळातून काढलाय. उद्या फोर्टातल्या कचेरीत साहेबांना दाखवायचाय." दगडाच्या अंगावरून गेलेल्या तिरक्या रेघेवर त्यानं बोट ठेवलं. "ही फट. हिच्यावर तेलाचा डाग होता. आता नुसतं तूप!"

"पुसून नाही का हो निघणार?" त्याची बायको क्षमा पदराला हात पुसत आली.

"डागही जाईल त्याबरोबर. विहीर बंद करायची की आणखी खोल न्यायची, ते त्या डागावर होतं. तीन वर्षं मी एकटा भांडतोय. सगळे म्हणतात, समुद्राच्या तळाशी शिंपल्यांचा चुना साचून झालेला हा दगड, ह्यात थेंब मावायचा नाही. मी म्हणतो, डोंगर वर येताना तो तडकलाय, तेल फटीत आहे. आता म्हणतील, पार्ल्याचं साजूक तूप निघालं हिमालयात!" त्यानं वाकून फट निरखली. "फटीत आतपर्यंत तूप गेलं नसेल म्हणा. फोडून बघितला तर..."

दगडावर वाहिलेल्या बेलाकडे त्याचं लक्ष गेलं. "नको. राहू दे, आई."

रत्नप्रभाबाईंनी आरती केली. मग त्यांनी अक्षता वाहिल्या आणि दगड जागचा किंचित हलवला, मातीच्या पिंडीचं विसर्जन करताना हलवतात तसा. आत जाऊन वरवंटा आणला आणि मुलापुढे धरला.

"आई, अगं, पूजलेला आहे तो..."

"देवाला जा म्हटलंय मी," मौन सोडून त्या हळूच म्हणाल्या. "आता तुझा दगड. फोड."

त्यानं पाट्यावर दगड ठेवून वरवंटा घातला. बाईंनी डोळे मिटून घेतले. एक घाव, आणखी एक, मग काहीतरी दुभंगल्याचा आवाज. आता हा आनंदानं ओरडेल, त्यांना वाटलं.

त्यांनी डोळे उघडले. दगड फटीशी तुटलाच नव्हता, भलतीकडेच फुटला होता. आतपर्यंत गेलेली फट पांढऱ्याशुभ्र चुन्यानं गच्च भरलेली होती. तिच्या दोन्ही अंगांना तांदळाच्या कणीएवढे शिंपले. विद्याधरनं तुकडा खिडकीशी नेला, नाकाशी धरला, जिभेला लावला.

"सांधलीय," तो म्हणाला. "कधीचीच. तेलाला वाटच नाही."

"मग तो डाग कसला?" क्षमानं विचारलं.

"खणायच्या यंत्राचं वंगण." त्यानं तुकडा परत पाट्यावर ठेवला. "उद्या मी साहेबांपुढे वंगण ठेवणार होतो. तीन वर्षांचं..."

तो भिंतीशी खाली बसला.

रत्नप्रभाबाईंनी पाट्यावरचे दोन्ही तुकडे उचलले आणि एकमेकांना लावले. नीट बसले. कुठे फुटलाय, दिसेना.

"सांधायला किती दिवस लागतात रे?"

"लाखो वर्षं, आई."

त्यांनी हात काढले नाहीत.