जागृत माता

"साहेब, माहा पीयूष मोबाईलवरच्या कोण्या टोळीच्या नादी लागला. बॉम्बच्या गोष्टी करून राह्यला. त्याले समजवा, पण मी सांगतलं हे त्याले कळू देऊ नका." आंजी गावच्या गोपिकाबाईंनी दहशतवाद प्रतिबंध समितीच्या साहेबांच्या कानावर घातलं.

वर्षभर नुसता चहा पिणाऱ्या समितीला पहिलंच गिऱ्हाईक मिळालं. साहेबांना आकाश ठेंगणं झालं. सल्ला देतो म्हणून बाईंना गावच्या चौकात बोलावलं आणि माईकवरून सगळी हकीकत सांगत शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला. मागच्या बॅनरवर मायलेकांचा फोटो होता.

बाई घरी धावल्या. पीयूष कपडे घेऊन निघून गेला होता. त्या रडत परत आल्या, तेव्हा साहेब पेपरात द्यायला सत्काराचे फोटो निवडत होते.

"बाई, आता ते पोलिसांचं काम. आमचं प्रतिबंधाचं होतं, ते झालं."