दोन गल्ल्यांचं नाणं

यादी संपतच नव्हती. व्यासपीठावर अध्यक्ष सत्काराला बोलावलेल्या डॉक्टरांच्या एकेका शोधनिबंधाचं नाव वाचत होते आणि सभागृहातली माणसं जांभया गिळत होती. आधी रक्तदाबावरचे निबंध आले. घरोघरी मोजलेला रक्तदाब, बाळंतिणींचा रक्तदाब, बरं वाटलं की गोळ्या सोडणाऱ्यांचा रक्तदाब. मग कर्करोगाच्या तपासणीवरचे सुरू झाले.

शेवटच्या रांगेत बसलेली बाई जांभई देत नव्हती. ती या तपासणीवरच्या निबंधासाठीच आली होती.

तिची आई खालच्या गल्लीतल्या घरात खाटेवर पडून होती. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग. कळला तेव्हा आतून सगळं पोखरून झालं होतं. आजीही त्यानेच गेली होती.

आणि ज्या निबंधासाठी आज हा शालजोडीचा थाट चालला होता, त्यात आई होती. नावाने नव्हे. 'तपासणी न झालेला गट', एवढीच.

त्या निबंधाची गोष्ट दोन्ही गल्ल्यांना तोंडपाठ होती. बायकांची वेळेवर तपासणी केली तर जीव वाचतात का, हे डॉक्टरांना सिद्ध करायचं होतं. त्यासाठी शेजारशेजारच्या गल्ल्यांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीसाठी भर चौकात नाणं उडवलं. यांच्या जोडीत छापा पडला तर वरची गल्ली, काटा पडला तर खालची. जी गल्ली जिंकेल तिथल्या बायकांची कर्करोगाची तपासणी. हरेल तिथे फक्त रक्तदाब मोजायचा. मग कुठल्या गल्लीत बायका जास्त मरतात ते वर्षानुवर्षं मोजत बसायचं. शहाण्यांच्या भाषेत याला तुलना म्हणतात.

छापा पडला होता.

लग्न होऊन ती तेव्हा नुकतीच वरच्या गल्लीत गेली होती. कामावर होती, चौकातला तमाशा तिने पाहिला नाही. पण पुढे तपासणीत तिला एक डाग सापडला. नर्सने तो तिथल्या तिथे गोठवून टाकला आणि ती संध्याकाळी घरी येऊन भांडी घासत होती. आईला म्हणाली होती, मोठ्या इस्पितळात जाऊन तूही दाखवून ये. आई हसली होती. दर वर्षी पट्टा डॉक्टर येऊन दंडाला पट्टा बांधतात, झकास आहे म्हणतात, आणखी काय दाखवायचं? डॉक्टरांना हे नाव आईनेच ठेवलं होतं. ते तिला मावशी म्हणायचे. गल्ल्यांमधून त्यांना दारोदार नेणारी, बुजलेल्या बायकांना बाहेर काढणारी तीच.

अध्यक्षांनी शाल उचलली तशी ती उभी राहिली.

"डॉक्टर, मावशी मरतेय," ती म्हणाली.

अध्यक्षांनी तिला खाली बसायला सांगितलं. दोन स्वयंसेवक धावले. डॉक्टरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते खूप थकलेले दिसत होते.

ती बोलत सुटली. तुमच्या निबंधांची चळत झाली, परदेशवाऱ्या झाल्या, आणि जिने तुम्हाला दारोदार नेलं तिच्या दंडाला नुसता पट्टा बांधून तुम्ही चालते झालात. त्या नाण्यावर तुम्ही माझी आई लावलीत.

"नाणं माझं होतं," डॉक्टर म्हणाले. "त्या दिवशी जे झालं त्याची जबाबदारीही माझी."

"झालं म्हणजे? काय झालं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग सभागृहाकडे वळून सांगितलं की त्या जोडीत काटा पडला होता. तपासणी खालच्या गल्लीची व्हायला हवी होती. चौकात वेगळंच जाहीर झालं. हे त्यांनी त्याच क्षणी पाहिलं होतं, तरी गप्प बसले, आणि तेच आकडे धरून निबंध छापला. तो निबंध ते आज मागे घेत होते.

असं का केलंत, असं पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं. डॉक्टर व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून दाराकडे निघाले. शाल तशीच अध्यक्षांच्या हातात राहिली.

तिला उत्तराची गरजच नव्हती. वरच्या गल्लीत पक्की घरं होती, डॉक्टरांना खुर्ची देऊन चहा पाजणारी बडी माणसं होती. बाहेर पडताना तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. आईवर अन्याय झाला होता, हे निदान आता सगळ्यांना कळलं होतं. कुणी नशीब म्हणणार नाही.

घरी आल्या आल्या तिने खाटेशी बसून सगळं सांगितलं. डॉक्टरांचा पडलेला चेहरा, कुजबुज, दारातून एकटेच बाहेर पडलेले डॉक्टर, काही काही सोडलं नाही. आईचे ओठ सुकले होते. तिने ओल्या कापसाने ते टिपले.

"माझं नाव घेतलं त्यांनी?" आईने विचारलं.

"कुठल्या तोंडाने घेतील?"

आईने तोंड भिंतीकडे वळवलं.

"भल्या माणसाचं वाटोळं केलंस गं बाई."

"त्यांनी तुझं केलं ते?"

आईने चाचपडत तिचा हात धरला. आईचा हात आता नुसता हाडांचा होता.

"दोन्ही गल्ल्यांचा भरवसा माझ्यावर, म्हणून नाणं त्यांनी माझ्या हातात दिलं होतं," आई म्हणाली. "काटा पडला. मी तो झाकला आणि तुझी गल्ली सांगितली."