हँडलमधली घूं घूं

"गुरुजी, सायकल घूं घूं करते. उभी असली तरी!"

डोंगरावरच्या आमराईत ब्रशने मोहराला पराग लावायला रेवा याच गिअरच्या सायकलवरून जायची. तरीही निम्मी झाडं फळाविना राहायची.

दाभाडे गुरुजींना कमी ऐकू यायचं. "घाई नको. मी एकेक भाग धरतो, तू कान लाव."

चाक नाही, साखळी नाही. हँडलच्या उघड्या नळीशी रेवा थबकली. "इथं!"

"कोरडी पडली असेल," म्हणत गुरुजींनी नळीत तेल ओतलं. आवाज थांबला. रेवाने टाळी वाजवली.

तेलाबरोबर काहीतरी काळं गुरुजींच्या तळहातावर घसरलं.

"हा कुठला पार्ट, गुरुजी?"

चाळीस वर्षं ते मुलांना फळ्यावर भुंगा काढून 'असा असायचा' म्हणून शिकवत आले होते. हातातल्या भुंग्याचे पाय हळूहळू थांबले.