कव्हराखालचं ग्रिल

शेजारचा टेलर फाटक ढकलून थेट केमिस्टच्या मागच्या अंगणात आला. तो पायरीवर बसून पेपर वाचत होता. त्याला काही कळायच्या आत टेलरने कोपऱ्यातल्या, कोंबडी-बिंबडी भाजायच्या ग्रिलवरचं काळं कव्हर ओढून काढलं, त्याची चौकोनी घडी घातली आणि पायरीवर ठेवली.

“पेटव,” तो म्हणाला.

“काय झालं काका? बसा ना. चहा ठेवायला सांगतो.”

“चहा नको. हे पेटव.”

केमिस्टची बायको हात पुसत दारात आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने कव्हराकडे पाहिलं.

“अहो काका, त्याचं काय घेऊन बसलात!” ती हसून म्हणाली. “नव्याचे नऊ दिवस म्हणतात, ह्यांची हौस एका रविवारात फिटली. आठवडाभर दुकानात गोळ्या, सुट्टीला परत ह्या लाकडाच्या गोळ्या. वैतागले.”

“वैतागला असता तर विकून टाकलं असतं,” टेलर म्हणाला. “त्या रविवारी धूर आला आणि तुमच्या काकूला खोकल्याची उबळ आली. हा अर्धी कच्ची कोंबडी घेऊन आत पळाला. मी खिडकीतून बघत होतो. तेव्हापासून हे कव्हर निघालेलं नाही.”

केमिस्टने घडी घातलेलं कव्हर उचलून मांडीवर घेतलं. टेलरने ते परत पायरीवर ठेवलं.

“आता ती नाही. पेटव.”

“घाई काय आहे काका,” केमिस्ट हळू आवाजात म्हणाला. “होईल सावकाश.”

“हेच! हेच म्हणतोय मी.” टेलरचा आवाज चढला. “हळू का बोलतोस? स्वतःच्या अंगणात आहेस ना? सकाळी मोटारसायकल कोपऱ्यापर्यंत ढकलत नेतोस आणि मग किक मारतोस. ही भांडी घासते ती चोरी केल्यासारखी. तुमचा टीव्ही बिघडलाय की काय, असं वाटतं मला. आत कोण झोपलंय आता?”

“सवय लागली, काका.”

“तुमची सवय होते, माझा जीव जातो. तुम्ही असे दबकून वागता आणि मला वाटतं, ती आत आहे. मशीनवरचं काम अर्धवट टाकतो आणि पाण्याचा ग्लास घेऊन तिच्या खोलीपर्यंत जातो. कालही गेलो. आज सकाळीही गेलो.”

केमिस्टच्या बायकोने दाराची चौकट धरली.

केमिस्ट उठला. त्याने ग्रिलच्या बाजूच्या डब्याचं झाकण उघडलं. डबा काठोकाठ भरलेला होता, पण भुसा दाबून केलेल्या त्या गोळ्या ओल धरून फुगल्या होत्या. वरच्या थराचा तर परत भुसाच झाला होता.

“बघा,” तो सुटल्यासारखा म्हणाला. “ह्या पुढे सरकणारच नाहीत. त्यांना ढकलणारा आतला स्क्रू अडकेल.”

“मग काढ. नवीन पोतं जिन्याखाली आहे. तू आणलंस तेव्हा मी पाहिलंय.”

दोघांनी मिळून डबा रिकामा केला. केमिस्ट वाटीने उपसत होता, टेलर पेपर पसरून त्यावर घेत होता. तळाशी सगळं दगडासारखं बसलं होतं. टेलरने उलथन्याच्या दांड्याने ते टोचून टोचून सुटं केलं. तो केमिस्टचा अर्धवट वाचलेला पेपर होता, पण त्याने तो घेऊ दिला.

“पण भाजायचं काय?” बायकोने विचारलं.

“काहीही. बटाटे टाक.”

ती चार बटाटे धुऊन घेऊन आली. केमिस्टने नवीन गोळ्या ओतल्या, पिन लावली, बटण फिरवलं. पंखा घुमायला लागला. आतून गोळ्या पडल्याचा टपटप आवाज आला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग झाकणाच्या फटीतून पांढरा दाट धूर बाहेर आला, अंगणात एक वळसा घेऊन भिंतीवर चढला आणि टेलरच्या घराकडे निघाला.

तिकडे काकूच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. काकू आजारी पडल्यापासून ती कोणी उघडी पाहिली नव्हती.

केमिस्टचा हात आपोआप बटणाकडे गेला. टेलरने त्याचं मनगट धरलं.

“जाऊ दे.”

“काका, सगळा खोलीत चाललाय. गादीला, कपड्यांना वास बसेल. गिऱ्हाइकांचे कपडे असतील आत.”

“बसू दे. मला एकदा ऐकायचंय. धूर आत गेला आणि कोणी खोकलं नाही, एवढं एकदा माझ्या कानांनी ऐकायचंय. मग नाही नेणार पाणी.”

त्याने मनगट सोडलं नाही. तिघेही खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. धूर पडद्यात शिरला. पडदा थोडा हलला, थांबला. ग्रिलचा पंखा तेवढा चालू होता.

वारा फिरला. धुराचा एक लोट परत आला आणि केमिस्टच्या तोंडावर आदळला. त्याचा घसा खवखवला, डोळ्यांतून पाणी आलं. त्याने मोकळा हात तोंडावर गच्च दाबला आणि खोकला गिळून टाकला.