आमच्यात अजून माघ

"मोहोर! तोही माघातच?" मनोहर मुलमुले कारखान्याच्या वसाहतीत, पिपलानीच्या रस्त्यावर मधेच थांबले. कुणाच्या तरी क्वार्टरच्या कुंपणातून बाहेर झुकलेली आंब्याची फांदी त्यांनी खाली ओढून नाकाशी धरली. "यंदा झाडाला फारच घाई झाली."

रविवार सकाळचा बापलेकीचा हा नेहमीचा फेरफटका. थंडी मोडली होती, शारदाने स्वेटर काढून कमरेला गुंडाळला होता. कडुनिंबाची पिवळी पानं रस्ताभर पडली होती. एरवी हे सगळं आधी तिनेच दाखवलं असतं. आज तिचं पाऊल नीट पडत नव्हतं.

दुपारी समोरच्या दुबेंकडे सतन्याची माणसं येणार होती, दुबेंच्या मुलासाठी, अखिलेशसाठी मुलगी सांगायला. अखिलेश आणि शारदाचं काय आहे ते सगळ्या ब्लॉकला ठाऊक होतं. संक्रांतीला मुलाच्या हट्टापायी दुबेजी स्वतः येऊन मागणी घालून गेले. मनोहररावांना नाही म्हणवेना, हो तर त्याहून म्हणवेना. कारखान्यात बावीस वर्षं दोघांची टेबलं शेजारी. "फागुन लगने दीजिए, बता दूँगा," ते म्हणाले होते.

"फागुन लगते ही," दुबेजींनी बजावलं होतं. "उसके बाद सतनावालों को नहीं रोक पाऊँगा."

आता गंमत अशी, की दुबेंचा महिना पौर्णिमेला संपतो आणि मुलमुल्यांचा अमावस्येला. परवा माघी पौर्णिमा झाली. काल दुबेंकडे फागुन लागला. मुलमुल्यांच्या स्वयंपाकघरात, नागपूरहून काकांनी पाठवलेल्या कॅलेंडरवर, अजून पंधरा दिवस माघच होता. बाबांच्या हे ध्यानातच आलेलं नाही, असं शारदाला वाटत होतं. कसं सांगावं, एवढंच ती कालपासून घोकत होती.

वळणावर पळस होता. पानं गळालेली, फांद्यांवर काळ्या कळ्या, आणि शेंड्याला एकच केशरी फूल उघडलेलं.

"बाबा, टेसू फुलला."

"पळस म्हण. आणि एवढं काय पाहून राहिलीस? एकच तर फूल आहे."

"दुबेंच्यात फागुन लागला, बाबा. कालच."

मनोहरराव फुलाकडेच बघत राहिले. "ठाऊक आहे," ते म्हणाले. "बावीस वर्षं काढली इथं."

शारदाने वळून त्यांच्याकडे पाहिलं. म्हणजे चूक झालीच नव्हती. "मग?"

"मग काय? आपल्यात अजून माघ आहे. मी शब्द मोडला नाही. पंधरा दिवसांत तिकडे व्हायचं ते होऊन जाईल. कुणी कुणाला नाही म्हटलं नाही, कुणी दुखावलं नाही. चल."

तिला बापाचा संताप आला आणि तितकीच कीवही. जन्मात कुणाशी भांडले नव्हते ते.

समोरून दुबेजी येत होते. कानाला मफलर, हातात दुधाचा डबा. काल दिवसभर ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते, हे शारदाने खिडकीतून पाहिलं होतं.

"मुलमुलेजी," दुबेजी म्हणाले. डबा त्यांनी या हातातून त्या हातात घेतला.

मनोहररावांनी घसा साफ केला. "वो क्या है दुबेजी, हमारे पंचांग में तो अभी माघ चल रहा है. पंद्रह दिन और."

दुबेजींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. बावीस वर्षांत तसं कधी पाहिलं नसेल. "समझ गया," ते म्हणाले, आणि चालू लागले.

दहा पावलं गेले. पंधरा.

"चाचाजी!" शारदाची हाक तिला वाटली त्याहून मोठी निघाली. दुबेजी वळले. ती दोन पावलं पुढे झाली. "फागुन लग गया."

दुबेजी जागच्या जागी उभे राहिले.

"शारदा," मनोहरराव दबक्या आवाजात म्हणाले, "आपल्यात अजून माघ आहे."

"तुमच्यात, बाबा," ती म्हणाली.